पुलियाखालची जाळी

३० जून १९२९, रविवार

चार महिने या वहीला हात लावला नाही. आधी माफी मागावी असे वाटले, मग वाटले, कोणाची? वही कोणाची वाट पाहत नाही. मीच तिला टाळत होतो. शेवटचे पान आईच्या आजारपणाचे आहे, आणि उघडली असती तर त्यापुढचे लिहावे लागले असते.

तर लिहून टाकतो. फेब्रुवारीत आई गेली. अण्णा आणि मी, दोघे भाऊ, अस्थी घेऊन नर्मदेवर ग्वारीघाटाला गेलो. मडके पाण्यावर उपडे केले. अस्थी बुडाल्या नाहीत. काठाशी पत्रावळी, चिंध्या, कुजकी फुले, कोणाचा तरी फाटका जोडा, असा जाड थर तरंगत होता. त्यावर त्या बसल्या. अण्णांनी काठीने ढकलल्या आणि डोळे मिटून मंत्र म्हटला. माझे डोळे उघडे होते.

घाटाच्या वरच्या अंगाला आमच्या मोहल्ल्याचा नाला नदीत पडतो. पावसाळी पाण्याबरोबर अर्ध्या शहराची घाण तोच वाहून आणतो. म्युनिसिपल कमिटीत मी या वॉर्डाचा मेंबर. मार्चमध्ये कमिटीत ठराव मांडला: नाल्यावर तीन लोखंडी जाळ्या, प्रत्येकीमागे गाळाचा खड्डा, कच्च्या नाल्या पक्क्या बांधणे. निम्मा खर्च सरकारचा, निम्मा नाल्याकाठच्या घरा-दुकानांवर, ज्याचा जेवढा कचरा त्या मानाने पट्टी बसवून. डिप्टी कमिशनर साहेबांची अट अशी की आधी एक जाळी लावून दाखवा, मग मत घ्या. मताची सभा ५ ऑगस्टला.

काल कमिटीत रामरतन बाबू उठले. वकील, पंधरा वर्षे मेंबर, सगळ्यांचे दोस्त. "मास्टरजी, नर्मदा मैया सारे जगत के पाप धोती है। आपके दोने-पत्तल से घबरा जाएगी?" सगळे हसले. घरी पोचल्यावर उत्तर सुचले, की पाप तरंगत नाही, पत्तल तरंगते. तिथे नुसता चष्मा पुसत बसलो.

जाळीची मुदत मी ठरवली: १० जुलै ते ४ ऑगस्ट. श्रावण ६ ऑगस्टला लागतो. देवळांची गर्दी, फुलांचे ढीग, सगळे त्यानंतर. कॅलेंडर दोनदा पाहिले.

४ जुलै, गुरुवार

अण्णा खाली राहतात, आम्ही वर. आज जिन्यातच अडवले. नाल्याकाठी त्यांची दोन घरे भाड्याने आहेत.

"काहून हे करून राहिलास तू? भाडेकरू येऊन विचारून गेले, पट्टी कोण भरणार म्हणून."

"घरमालक."

"म्हणजे मी."

"हो."

"वा! आईनं तुला कॉलेजात धाडलं ते यासाठी. भावावर पट्टी बसवायला."

मी म्हटले, आईच्या अस्थी कशावर बसल्या ते तुम्हीही पाहिले. ते म्हणाले, "मी नाही पाहिलं. मी मंत्र म्हणत होतो. तूच पाहत होतास."

बोचले, कारण खरे आहे. मला राग नेमका कशाचा? घाणीचा, की अण्णांच्या काठीचा? रागाने काढलेला ठराव शुद्ध बुद्धीने काढलेल्या ठरावाइतकाच चांगला असू शकतो का?

१० जुलै, बुधवार

जाळी बसली. शंकराच्या देवळामागे पुलिया, नाल्यावरचा छोटा पूल, आहे, तिच्याखाली. ओव्हरसियर म्हणाला, "साहेब, जाळी बसवायला दोन तास लागले. तिच्यासमोर रोज उभं कोण राहणार, ते बोला." कमिटीचा जगुआ मेहतर राहणार. माझ्याहून वयाने मोठा, कमी बोलणारा. त्याला लांब दांड्याचा लोखंडी पंजा दिला आहे.

संध्याकाळपर्यंत सहा टोपल्या निघाल्या: पत्रावळी, हलवायाचे द्रोण, चिंध्या, कोंबडीची पिसे, मोडकी खुर्ची. खुर्चीकडे पाहून जगुआ म्हणाला, "हुजूर, इस पे बैठ के पहरा दूँ?"

आज बऱ्याच महिन्यांनी हसलो.

१४ जुलै, रविवार

घाटावर चालत गेलो. पाणी पूर्वीपेक्षा स्वच्छ वाटले. 'वाटले' हेच लिहितो, कारण मला तसे वाटायचेच होते. घाटावरच्या नावाड्याला विचारले. तो म्हणाला, "फरक तो है बाबू, पर आप कौन?" त्याला कोणी शिकवून ठेवले नव्हते, म्हणून त्याची साक्ष धरतो.

दुपारी साहेबांसाठी अहवाल लिहिला. कचरा कुठून येतो ते वस्तीवार मांडले. बाजार पुष्कळ, हलवाई गल्ली पुष्कळ, देऊळ थोडा. आमच्या गल्लीपाशी आलो (इथे आम्हा मराठी लोकांना दक्षिणी म्हणतात) तेव्हा लिहिले, 'दक्षिणी घरांचा कचरा नगण्य.' कमिटीत आणखी दोन दक्षिणी मेंबर आहेत. ही ओळ वाचून दोघांचीही मते मला मिळतील, हे लिहिताना ठाऊक होते. ओळ खोटी नाही. आमच्याकडे पत्रावळी फेकत नाहीत, घर झाडतात, कचरा कमिटीच्या गाडीत जातो.

तरी सही करताना थांबलो होतो. का, ते कळले नाही.

१७ जुलै, बुधवार

नववीच्या वर्गात फळ्यावर कोणी लिहून ठेवले होते: 'जालीवाले बाबा की जय।' पुसले आणि ऑक्सिजन शिकवला.

दारावर शेण फासले होते. सौ.ने धुतले. बादली जोरात आपटली.

दोघा दक्षिणी मेंबरांचा होकार आला. एकाची चिठ्ठी: "अहवाल पाहिला. आपल्या लोकांवर शिंतोडा नाही हे बरे केलेत. मत तुम्हाला." मोजून पाहिले, एका मताने ठराव पास होतो. त्या दोघांपैकी एकही फिरला तर पडतो.

२१ जुलै, रविवार

गुरुपौर्णिमा. सकाळी शेजारच्या बाई बेलाच्या पानांची भली मोठी टोपली घेऊन देवळाकडे चालल्या होत्या. सहज विचारले, आज इतका बेल कशाला?

"कल से सावन लग रहा है ना मास्टरजी। पहला ही दिन सोमवार!"

घरात येऊन पुन्हा कॅलेंडर पाहिले.

आमच्या घरात कॅलेंडर नागपूरचे. आमचा श्रावण अमावास्येनंतर, यांचा सावन पौर्णिमेनंतर. पंधरा दिवसांचे अंतर. त्रेचाळीस वर्षे याच गल्लीत राहतो. शेजारच्या घरचा झुला दरवर्षी आमच्या आधी बांधला जातो आणि आम्ही लहानपणी त्यावर बसायचो, आमचा श्रावण लागायच्या आत. सगळे ठाऊक होते. तारीख ठरवताना मात्र फक्त आमच्या भिंतीवर पाहिले.

देवळातले निर्माल्य दुबेजी पुजारी मागच्या दाराने नाल्यात सोडतात. तो नाला आता माझ्या जाळीत अडतो.

सौ.ला सांगितले. ती म्हणाली, "मला विचारलं असतं तर सांगितलं असतं. पण मला कोण विचारतंय."

२२ जुलै, सोमवार

शाळेत दीड वाजता बोलावणे आले. पुलियावर पन्नासेक माणसे. जाळी बेल, धोत्र्याची फळे, रुईच्या माळा यांनी वरपर्यंत भरलेली, त्यातच चिंध्या आणि पिसे अडकलेली. पाणी मागे फुगून देवळाच्या दुसऱ्या पायरीपर्यंत चढलेले. अण्णांच्या खालच्या खोलीत घोटाभर.

जगुआने पंजा घातला होता. दुबेजी त्याच्या अंगावर ओरडत होते. "भोलेनाथ के सिर का बेलपत्र है! तू पंजा मारेगा इसमें? तेरी ये मजाल?"

जगुआने पंजा खाली ठेवला. माझ्याकडे वळून, आवाज न चढवता बोलला, "हुजूर, मैला उठाऊँ तो नीच, फूल उठाऊँ तो पापी। अब आप ही बताओ का उठाऊँ।"

पन्नास माणसे माझ्याकडे पाहत होती. मी म्हणालो, "जरा रुको." एवढेच. बी.एस्सी. झालेला माणूस, आणि एवढेच.

शेवटी ओव्हरसियरने जाळी एका बाजूने उचलली. सगळा लोंढा एकदम नदीकडे गेला. लोकांनी 'हर हर महादेव' केले. गर्दीत रामरतन बाबू छत्री घेऊन उभे होते, सगळ्यांना नमस्कार करत.

२३ जुलै, मंगळवार

रामरतन बाबू घरी आले. चहा घेतला. सौ.च्या चिवड्याची तारीफ केली. मग कागद काढला: जगुआची बदली, दुसऱ्या वॉर्डात. "दुबेजी नाराज हैं। मामला ठंडा हो जाएगा। आपका भी तो फायदा है, वोट पास आ रहा है।" वॉर्डाच्या मेंबरची सही लागते.

मी सही केली.

कारण लिहून ठेवतो, म्हणजे पुढे स्वतःला दुसरे सांगता येणार नाही: मला मत हवे होते. जगुआचा दोष काहीच नव्हता. त्याला पंजा मीच दिला होता.

२४ जुलै, बुधवार

जाळी परत लावली. जगुआच्या जागी दुसरा मेहतर यायला तयार नाही. सगळ्यांनी ऐकले आहे. दुबेजींची माणसे फुले सोडायला तयार, उचलायला नाही, कारण ती आता गटारातली. फुले देवाची म्हणून जगुआने शिवायची नाहीत, आणि गटारातली म्हणून ब्राह्मणाने शिवायची नाहीत. म्हणजे कोणीच नाही. पाणी पुन्हा फुगते आहे.

अण्णा जिन्यातून: "खालची खोली सडून राहिली आहे. तू उतर ना त्यात. ठराव तुझा आहे."

खरे आहे. सोमवारीच का उतरलो नाही? विटाळाची भीती मला नाही, असे मी वर्गात मुलांना सांगतो. किळस होती. आणि लोक पाहतील याची लाज. दोन्ही तपासून पाहिल्या, दोन्ही होत्या.

२५ जुलै, गुरुवार

उतरलो. सकाळी सहाला, धोतर खोचून. पुलियावर हळूहळू माणसे जमली. "अरे, मास्टरजी मेहतर हो गए!" "तनख्वाह बढ़ गई क्या मास्टरजी?" एकाने वरून केळ्याची साल टाकली, माझ्या पाठीवर. पंजा ओढला तर गठ्ठा हलेना. तीनदा घसरलो.

वरून आवाज आला, "ऊपर से मत खींचो। नीचे से ढीली करो, अपने-आप आ जाएगी।" जगुआ. नव्या वॉर्डाकडे चालला होता. थांबला नाही, बोलून पुढे गेला. सांगितले तसे केले. गठ्ठा आला.

बेलाबरोबर, पुलियाच्या दगडात अडकून राहिलेली वेताची एक फाटकी परडी निघाली. परडीत कुजलेली झेंडूची फुले, वाती, आणि तुळशीची जपमाळ. मेरुमण्याच्या जागी लाल काचेचा मणी.

आईची. मूळचा मणी फुटला तेव्हा तो लाल मणी तिने सौ.च्या बांगड्यांच्या डब्यातून घेतला होता. मी समोर होतो.

माळ मुठीत घेऊन वर आलो. साठ-सत्तर माणसे पाहत होती. काय सापडले, कोणी विचारले नाही. विचारले असते तर काय सांगितले असते?

२६ जुलै, शुक्रवार

सौ.समोर माळ ठेवली. मला वाटले रडेल. ती सरळ सांगू लागली.

"दर शनिवारी निर्माल्याची परडी मी नाल्यात सोडते. बावीस वर्षं झाली. तुमच्या खुर्चीसमोरून नेते. तुम्ही पेपर वाचत असता."

"नाल्यात?"

"मग कुठे? सासूबाईंनीच दाखवलं, घरात आले त्या वर्षी. इथं सोडलं काय नि घाटावर सोडलं काय, जातं नर्मदेतच, म्हणायच्या. गल्लीतल्या सगळ्या बायका सोडतात. आपल्याच सगळ्या."

माझ्याही कानावर ते वाक्य लहानपणापासून आहे. पेपरच्या पलीकडून.

"आणि माळ?"

"माळ घाटावर नेऊन सोड, असं जाताना म्हणाल्या होत्या. अहो, मी तीनदा सांगितलं तुम्हाला. एकदा सभा होती. एकदा ठराव लिहायचा होता. तिसऱ्यांदा म्हणालात, नदीत आता काही टाकायचं नाही. मग गेल्या शनिवारी परडीत ठेवून सोडली. काय करायचं होतं मी? घरात खुंटीला लावून ठेवायची, त्या वाट पाहत बसल्यात असं वाटेपर्यंत?"

नंतर म्हणाली, "अहवालात लिहिलंत ना, आपला कचरा नगण्य. मला वाचून दाखवलंत. मी म्हटलं, बरं."

हे 'बरं' मला ऐकू आले नव्हते.

फेब्रुवारीत अस्थी ज्यावर बसल्या, त्या थरात फुले होती. मी स्वतः लिहिले आहे, चार पाने मागे. कोणाची ते लिहिले नव्हते.

२८ जुलै, रविवार

रामरतन बाबूंकडे गेलो. जगुआची बदली रद्द करा म्हटले. ते हसले. "मास्टरजी, दस्तखत आपके हैं।" मी लेखी अर्ज दिला, चूक माझी, त्याची नाही, असा. त्यांनी वाचला, घडी केली, पेनखाली ठेवला. "पाँच तारीख के बाद देखेंगे।"

जगुआच्या घरी गेलो. बाज बाहेर होती, त्याने बसायला सांगितले नाही. मी उभ्यानेच सांगितले की मी सही केली. म्हणाला, "मालूम है।" मग म्हणाला, "उस वॉर्ड में फूल नहीं हैं, आराम है।" टोमणा होता की खरे बोलला, ठरवू शकलो नाही. वापस याल का विचारले. "पूछ रहे हो कि हुकुम है?" विचारतो आहे म्हटले. म्हणाला, "तो सोच के बताऊँगा।"

३१ जुलै, बुधवार

सातवा दिवस. आता हाताला जमते. पुलियावरची गर्दी कमी झाली आहे, मला शिव्या घालणारे तिघेच उरले आहेत, नेमाने येतात.

आज दुबेजी स्वतः आले. एक कोरी टोपली कठड्यावर ठेवली. "बेलपत्र इसमें अलग रखना। पीपल के नीचे गड्ढा खुदवाया है, उसमें डालेंगे।" मी आभार मानायला तोंड उघडले. "और ये मत समझना कि मैं आपके साथ हूँ।"

नाही समजत. पण टोपली चांगली आहे.

३ ऑगस्ट, शनिवार

सौ. सकाळी परडी घेऊन माझ्या खुर्चीसमोर उभी राहिली. या वेळी थांबली. "कुठे नेऊ?" दुबेजींचा खड्डा सांगितला. "दुबेजींच्या देवळात आपलं निर्माल्य? चलो, तेही पाहू." गेली. गल्लीतल्या बाकीच्या बायकांच्या परड्या नेहमीसारख्या नाल्यात गेल्या. मीच दुपारी पंजाने काढल्या. मोजल्या, अकरा. सगळ्या दक्षिणी घरांच्या. वेताची वीण ओळखू येते, आपल्या लोकांत बाई एकच आहे परड्या विणणारी.

अकरा घरे, आठवड्याला अकरा. नगण्य?

अण्णांना सांगितले, सभेत हे सांगावे लागेल. ते एकदम उठले.

"आईचं नाव त्या सभेत काढणार तू? रामरतन बाबूंसमोर? आमची आई नाल्यात घाण टाकायची, असं?"

"निर्माल्य टाकायची म्हणेन."

"ते हसतील. आणि ते दोघे मेंबर उद्याच तुला सोडतील. ठराव पडेल. मग तुझी जाळी, तुझी नदी, सगळं गेलं. एक ओळ गिळता येत नाही तुला?"

अण्णांना पट्टी नको आहे, तरी हिशेब त्यांनी बरोबर सांगितला. पट्टीविरुद्ध असलेला माणूस पट्टी वाचवायचा मार्ग मला दाखवतो, तो आईसाठी. मीही आईसाठीच निघालो होतो, असे मला वाटते. दोघांपैकी खोटा कोण?

४ ऑगस्ट, रविवार

मुदतीचा शेवटचा दिवस. घाटावर गेलो. तोच नावाडी. "पानी ठीक है बाबू। अब ये रहेगा कि आज तक का तमाशा था?" उद्या कळेल म्हटले.

माळ बरोबर नेली होती. पायरीवर बसून हातात धरली. नदीत सोडायची आईची इच्छा. नदीत काही टाकू नये हा माझा ठराव. शेवटी माळ परत आणली. सौ.ने हात पुढे केला. आता देवघरात आहे, खुंटीला नाही. सौ. म्हणाली, राहू दे, एवढी एक वाट पाहील.

संध्याकाळी त्या दोघांपैकी एक मेंबर येऊन गेला. अण्णांनी सांगितलेले दिसते. "मास्तर, अहवाल आहे तसा राहू द्या. नाल्या तर बांधून होतील! लोकांच्या पोरांची खरूज जाईल. एका ओळीपायी हे घालवणार?"

त्याचे म्हणणे चुकीचे नाही. तीन जाळ्या आणि पक्क्या नाल्या, की एक खरी ओळ. मोठे काय, हे कोणत्याही वर्गातला मुलगा सांगेल. पण पट्टी बाजारावर, हलवायांवर, देवळावर बसवायची आणि आम्ही तेवढे नगण्य, अशी ती उभी राहिली तर पुलियावरच्या त्या तिघांच्या शिव्या खऱ्या ठरतात. एका मताचा फरक आहे. ते मत आमच्या गल्लीत आहे.

उद्या: सभेच्या आधी कचेरीत जाऊन 'नगण्य' ही ओळ खोडणे, आणि तिथे पहिला आमच्या घराचा नंबर लिहिणे.